नाचणारे पाणी पितात

नागपूरच्या धरमपेठेत आमचं दोन मजली रेस्टॉरंट आहे. खाली फॅमिली सेक्शन, वर पार्टी हॉल. या वरच्या हॉलमध्ये दर बुधवारी सालसा-बचाटा या लॅटिन जोडीनाचांची सोशल असते, ही बातमी आता सगळ्या ओळखीपाळखीत पसरली आहे. भेटेल तो डोळे मिचकावून विचारतो, "काय भाऊ, मस्त गल्ला होऊन राहिला असेल नं?" त्यांच्या डोळ्यांसमोर काय चित्र असतं ते मला माहीत आहे. लाल-निळे दिवे, फेसाळते ग्लास, खिशातून निघणाऱ्या पाचशेच्या नोटा. प्रत्येकाला तोंडी हिशेब सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचा लिहूनच टाकतो.

ज्यांनी सोशल पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. हा शो नाही. स्टेज नाही, कोणी पाहुणा नाचत नाही. जे येतात तेच नाचतात. सात ते आठ नवख्यांचा क्लास, आठ ते दहा मोकळा नाच. एक गाणं संपलं की जोडीदार बदलायचा, ओळख असो वा नसो. बँकेतली बाई, मिहानमधले आयटीवाले, व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं, एक दाताचा डॉक्टर, असे सगळे एकमेकांचे हात धरून गिरक्या घेतात आणि साडेदहाला आपापल्या गाडीला किक मारून घरी जातात. चालवणारा तिशीतला पोरगा आहे. सगळे त्याला 'सर' म्हणतात म्हणून मीही सर म्हणतो, तो मला काका म्हणतो.

आता हिशेब. पहिल्या बुधवारी आठ-सव्वाआठला आमचा वेटर जिना उतरून खाली आला आणि म्हणाला, "मालक, वरचे लोक पाणीच मागून राहिले." मी म्हटलं, बाटल्या ने. तर म्हणे, "बाटल्या त्यांच्याच आहेत, भरून मागून राहिले."

या धंद्याची सगळी गोची या एका वाक्यात आहे. सालसा नाचणारा माणूस घामानं निथळतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये नॅपकिन, बदलायचा टी-शर्ट आणि स्वतःची बाटली. दारू प्यायला तर तिसऱ्या गिरकीला भोवळ येते, म्हणून तो पीत नाही. पोटभर जेवला तर नाचता येत नाही, म्हणून खात नाही. आणि जो जितका चांगला नाचतो तो तितका कमी बसतो. जो बसत नाही तो मेन्यू उघडत नाही. हॉलच्या मधोमध ज्यांच्यावर सगळ्यांचे डोळे खिळलेले असतात, ते माझ्या दृष्टीनं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. पण ते नसले तर बाकीचे येणारच नाहीत. त्यामुळे त्यांना हसतमुखानं पाणी पाजावं लागतं.

माझा एक मित्र सदरकडे परमिट रूम चालवतो. त्यानंही माझ्या आधी हा प्रयोग करून पाहिला होता. परमिट रूमचं गणित सरळ आहे: लायसन्सची भरमसाट फी, दारूवर १० टक्के व्हॅट, आणि हे सगळं भरून काढायचं पेगवर. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५. नाचायला येणाऱ्या निम्म्या पोरांना त्यानं कायद्यानं व्हिस्की देताच येत नव्हती, उरलेली निम्मी मागत नव्हती. शिवाय 'डान्स' आणि 'बार' हे दोन शब्द आपल्या राज्यात जवळजवळ आले की लोकांचे कान टवकारतात. २००५ ची बंदी, २०१६ चा नवा कायदा, २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, हे सगळं बारमध्ये पैसे घेऊन नाचणाऱ्या कलाकारांबद्दल होतं. इथे गिऱ्हाईकच पदरचे पैसे देऊन नाचतं. पण हा फरक तो चौकशीला आलेल्याला, शेजारच्या दुकानदाराला आणि शेवटी स्वतःच्या सासऱ्यांना समजावत बसला. महिनाभरात त्यानं टेबलं परत जागेवर लावली.

माझ्याकडे दारूचं लायसन्स नाही, आणि माझं बरं चाललं ते त्यामुळेच असं मला वाटतं. मित्राला बुधवारी बारमध्ये बसणारं गिऱ्हाईक उठवून नाचणाऱ्यांना जागा द्यावी लागत होती. माझा वरचा हॉल बुधवारी तसाही कुलूपबंद असायचा. बारसं, वाढदिवस, किटी पार्टी, रिटायरमेंट, सगळं शुक्रवार ते रविवार. आठवड्याच्या मधल्या दिवसांत हॉल म्हणजे बांधून ठेवलेली म्हैस, दूध नाही पण कडबा चालूच. तिथे चार पैसे आले तरी ते वरचे.

किती, ते सांगतो. बरा बुधवार असला की वर ४५ लोक असतात. त्यातले ३५ नाचणारे, त्यांचं सरासरी बिल १२० रुपये. लिंबू-सरबत, कॉफी, दोघांत एक फ्राइज. उरलेले १० जण नुसते बसायला आलेले. कोणाची मैत्रीण, कोणाचा नवरा, एकीची तर आई येते, मुलगी सुखरूप आहे नं ते बघायला. यांचं सरासरी बिल ३९०. हात मोकळे, तोंड मोकळं, दोन तास करायला दुसरं काही नाही. दहा जणांचे ३,९०० आणि पस्तीस जणांचे ४,२००, मिळून ८,१०० रुपये. त्यातला तिसरा हिस्सा किराणा-भाजीत जातो. दोन वेटर, सफाई आणि एसी मिळून २,८०० च्या आसपास. हातात उरतात अडीच हजार. मेमध्ये तेवढेही नाही. बाहेर रात्री नऊलाही अंगाची लाही होत असते आणि आत पस्तीस माणसं उड्या मारत असतात, एसी अठरावर ठेवला तरी भिंतींना घाम फुटतो. त्या महिन्याचं महावितरणचं बिल मी घरी दाखवत नाही.

सरचं म्हणणं होतं की बसणाऱ्यांकडूनही शंभर रुपये एंट्री घ्यावी, खुर्ची अडवतात म्हणून. मी म्हटलं, बापा, त्यांना हात लावू नको. उलट मी भिंतीला लागून खुर्च्यांची एक रांग वाढवली आणि हाताशी येतील अशी छोटी टेबलं ठेवली. माझा बुधवार तीच रांग चालवते.

आमचा करार तीन वेळा बदलला. सुरुवातीला एंट्री ४०० ठेवली होती, त्यात २०० चं कूपन खाण्यात वळतं व्हायचं. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पावणेदहापर्यंत कूपनं खिशात, आणि दहाला सगळे एकदम काउंटरवर. "काका, पार्सल चालेल का?" महाराज कढई फेकायच्या बेतात. मग टक्केवारी केली, गेटचे तीस टक्के मला. तर गेटवर किती आले यावरून दर आठवड्याला कुरबुर, कारण सरच्या क्लासचे जुने विद्यार्थी 'हेल्पर' म्हणून फुकट आत यायचे आणि मी डोकी मोजायचो. आता जे ठरलं आहे ते सोपं आहे. हॉलचं भाडं शून्य. गेटचे सगळे पैसे त्याचे, खाण्यापिण्याचे सगळे माझे, पण वरच्या मजल्याचं बिल ७,००० च्या खाली गेलं तर फरक त्यानं भरायचा. जुलैतल्या एका धो-धो बुधवारी जेमतेम अठरा जण आले. तेव्हा मी अर्धाच फरक घेतला. पोरगा रोज दिसणार, सगळंच वसूल करून कसं चालेल.

सरच मला सांगतो की अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सला, टँगोच्या रात्री अशाच चालतात: क्लबचा हॉल एखादा संयोजक रात्रीपुरता घेतो, दाराचे पैसे त्याचे, खाण्यापिण्याचे क्लबचे. आणि तिथे तीन-चार गाण्यांचा एक संच झाला की मध्ये भलत्याच संगीताचा तुकडा वाजवतात, ज्यावर कोणी नाचत नाही. फ्लोअर रिकामा होतो, जोड्या मोडतात, लोक टेबलावर जातात. नाचाचा शिष्टाचार म्हणून आहे ते, पण ऐकताक्षणी माझ्या डोक्यात वेटरच आला. आता आमचा डीजे साधारण पाऊण तासानं दोन हिंदी गाणी लावतो. सालसावाले तोंड वाकडं करून भिंतीकडे जातात, नवखी पोरं खूश होऊन मधोमध येतात, आणि त्या आठ मिनिटांत माझे दोन्ही वेटर ऑर्डर घेऊन मोकळे होतात.

आता लसणाची गोष्ट. आमची ख्याती सावजी चिकनची. काळा मसाला, वर तेलाचा तवंग, नाकातून पाणी काढणारा तिखटजाळ रस्सा. पहिले काही बुधवार वर त्याची एकही ऑर्डर गेली नाही. महाराज रुसले. त्यांना वाटलं चवीत काही फरक पडला. शेवटी त्या बँकेतल्या बाईंनी सांगितलं, "अहो भाऊ, बचाटात तोंडाजवळ तोंड असतं. कांदा-लसूण खाऊन कसं नाचणार?" त्यांच्या पर्समध्ये वेलदोड्याची डबी असते. बुधवारच्या वरच्या मेन्यूतून मी कांद्या-लसणाचं जवळपास सगळं काढलं. कॉर्न, पनीर, बटाटा, संत्र्याचा ज्यूस, उन्हाळ्यात पन्हं.

पण हीच माणसं दहा वाजता म्युझिक बंद झालं की भुकेनं कासावीस झालेली असतात. आधी ती गाड्या काढून अंडाभुर्जीच्या ठेल्यावर जायची. मी सरला म्हटलं, शेवटच्या गाण्यानंतर माइकवर एवढंच सांग की खाली किचन साडेअकरापर्यंत चालू आहे आणि टेबलं जोडून ठेवली आहेत. आता अठरा-वीस जण खाली उतरतात, शूज बदललेले, टी-शर्ट बदललेले, आणि सावजीवर तुटून पडतात. माणशी साडेचारशेच्या पुढे बिल होतं. म्हणजे वर तीन तासांत जेवढा गल्ला, तेवढाच खाली एका तासात, आणि त्यासाठी वेगळा एसी नाही, वेगळा वेटर नाही. बुधवारची खरी कमाई नाच संपल्यावर सुरू होते. महाराजांचा रुसवाही गेला.

सरचं काय? लोकांना वाटतं गेट त्याचं म्हणजे तो मालामाल. त्याच्याही वहीत मी डोकावलो आहे. वीस जण मासिक पासवाले, चार बुधवारांचे ८००, म्हणजे माणशी २००. पंधरा जण ३०० देऊन येणारे. झाले ८,५००. बसणारे फुकट. त्यातून डीजे, क्लास घ्यायला मदतीला येणारी मुलगी, इन्स्टाग्रामची जाहिरात, पाहुणा शिक्षक आला की त्याचं तिकीट आणि खोली. साडेचार हजार उरले तर सण. सेवापुरवठ्याची जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तो तिच्या आसपासही फिरकत नाही. याच्यात घर चालत नाही.

घर चालतं लग्नांवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि मग पुन्हा उन्हाळ्यात, संगीतचे नाच बसवून देणे. नवरा-नवरीचं एक, करवल्यांचं एक, मामा-मामींचं एक, आणि ज्यांना उजवा-डावा कळत नाही अशा काकांना मागच्या रांगेत लपवण्याचं कौशल्य. एका बऱ्या लग्नाचं पॅकेज म्हणजे दोन महिन्यांचे बुधवार. आणि ही लग्नं येतात कुठून? बुधवारच्या त्या भिंतीच्या रांगेतून. मुलीला बघायला आलेली आई घरी जाऊन जावेला सांगते. त्यामुळे सोशल म्हणजे त्याचं दुकान नाही, दुकानाची पाटी आहे. पाटीवर तोटा झाला तरी तो सोसतो.

गाण्यांच्या परवान्यातही हाच विनोद आहे. रेकॉर्ड केलेलं गाणं सार्वजनिक जागी वाजवायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं: रेकॉर्डिंगसाठी पीपीएल, शब्द-चालीसाठी आयपीआरएस या संस्थांचं. त्याच कायद्यात लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. म्हणजे सर जिथून कमावतो तिथे सूट, आणि जिथे घालवतो तिथे फी.

एका गोष्टीवर आमचं अजून जमत नाही. नागपुरात नाचायला येणाऱ्यांत पोरं जास्त, पोरी कमी. सोबत पोरगी नसलेली चार-पाच पोरांची टोळकी गेटवर आली की मला पंधराशे रुपये दिसतात आणि वर पिझ्झा. सर त्यांना सरळ परत पाठवतो किंवा आधी क्लासला या म्हणतो. सुरुवातीला मी चिडायचो. मग एका बुधवारी त्यानं माझ्या आग्रहाखातर सगळ्यांना आत घेतलं. त्यांनी काही गैर केलं नाही, नुसतं मोबाइल काढून शूटिंग करत उभे राहिले. पुढच्या बुधवारी बायकांची संख्या निम्म्यावर, आणि त्यांच्यासोबत भिंतीवरची रांगही अर्धी. तेव्हापासून गेटवर कोणाला घ्यायचं ते तो ठरवतो. तरी अधूनमधून जीव तुटतोच.

फ्लोअरचा प्रश्न वेगळाच. आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स. नाचणाऱ्यांना तळवा फिरला पाहिजे, म्हणून त्यांनी एकदा गुपचूप टाल्कम पावडर शिंपडली. जिन्याच्या तोंडाशी आमचा वेटर ट्रेसकट बसला, तीन कोल्ड कॉफी आणि एक माकडहाड. पावडर बंद. मग लाकडी फ्लोअरची मागणी आली. बाराशे स्क्वेअर फूट, १२० रुपये दरानं लॅमिनेटच घातलं तरी १,४४,०००. वरच्या हॉलचे अडीच हजार धरले तर वर्षाहून जास्त बुधवार फक्त फ्लोअर फेडण्यात. शिवाय बारशाच्या दिवशी त्यावर आमरस सांडणार. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय नावाचा प्रचंड बॉलरूम होता, १९२६ ते १९५८. तिथला लाकडी फ्लोअर दर तीन वर्षांनी बदलावा लागायचा, इतके पाय पडायचे. पण त्यांचं तिकीटही घड्याळाप्रमाणे चढायचं, ३० सेंट, संध्याकाळी सहानंतर ६०, आठनंतर ८५. शेजारी शेजारी दोन बँडस्टँड, एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणजे फ्लोअर रिकामा म्हणून राहायचा नाही. हॉल, दार आणि बँड एकाच घरचे असले की असे खर्च जमतात. आमच्याकडे दार एकाचं, किचन दुसऱ्याचं. फ्लोअर कोणाचा, यावर दोघंही खिडकीबाहेर बघतो. सॅव्हॉयची तिकिटाची युक्ती मात्र उचलली: साडेसातच्या आत येणाऱ्याला २५०.

दहाला बंद का, असंही विचारतात. बंद हॉलला रात्री दहाची लाउडस्पीकरबंदी तशी लागू नाही. पण मागच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात, आणि आवाज हद्दीबाहेर किती जावा यालाही नियम आहे. त्यांच्याशी डेसिबलवर वाद घालण्यापेक्षा दहा बरे. शिवाय दहा वाजल्याशिवाय माझी खालची टेबलं भरत नाहीत.

आता सर शनिवार मागून राहिला आहे. शनिवारी वर साठ प्लेटचा वाढदिवस असतो, ४५० रुपये प्लेट, २७,०००, आणि सगळे पोटभर खातात. मी म्हटलं, शनिवार मिळणार नाही. फार तर पितृपक्षातले दोन्ही शनिवार घे, तेव्हा हॉल कोणीच बुक करत नाही. तो लगेच म्हणाला, "काका, चालते नं! नवरात्राच्या आधी मला गरबा वर्कशॉप लावायचेच आहेत. शंभर लोक येतीन."

शंभर लोक, डोक्यावर नवरात्र, सगळे नवखे आणि सगळ्यांच्या सोबत कोणी ना कोणी बसायला. मी म्हटलं, ये, जरूर ये. पण मग हॉलचं भाडं शून्य नाही. त्यावर तो विचार करून सांगतो म्हणाला आहे.